बारीक वेण्या

टाकीत पाणी नाही.

सहावीचे पेपर, न तपासलेले.

आमच्या धाकट्याचा, क्वाबेनाचा, दात हलतोय. येईल-जाईल त्याला दाखवत सुटलाय.

उद्याच्या अंत्यविधीचं काळं कापड अजून शिंप्याकडेच.

गोष्टीतली आत्या नदीकाठी उभी. उतरणार की मागे फिरणार?

हे सगळं एकाच डोक्यात, आणि ते डोकं शुक्रवारी दुपारी दुफीच्या हातात. इथे घानात, आमच्या कुमासीत, अंत्यविधीला विस्कटलेल्या केसांनी जाणं म्हणजे गेलेल्याचा अपमान. म्हणून वेण्या घालायला बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही. नवरा नाही, सासू नाही, हेडमास्तर तर नाहीच. माझ्या सगळ्या गोष्टी मी याच खुर्चीत लिहिल्या. मोबाइलवर, अंगठ्याने, मान खाली घालून.

रेडिओवाल्यांना ही गोष्ट त्याच दिवशी पाचच्या आत हवी होती, नाहीतर पुढच्या वर्षी. मागच्या खेपेलाच दुफीला सांगून ठेवलं होतं.

डावीकडून दुफी, उजवीकडून तिच्या जोडीला फ्रेमामावशी. दोघी लागल्या की डोकं भराभर होतं.

"बाई, आत्याला मारायचं नाही हां," मागून दुफी.

"चोरून वाचतेस?"

"चोरून कशाला? डोकं माझ्या पुढ्यात, मोबाइल त्याच्या खाली. डोळे मिटून वेण्या घालू?"

"मेली तर सुटेल तरी," मावशी म्हणाली. "केव्हाची उभी आहे! पाय सुजले असतील बिचारीचे."

मी हसले, मान हलली, कानशिलावर टपली बसली.

आरशात पाहिलं. पाव डोकं उरलं होतं. आत्या जागची हलली नव्हती.

"झालंच की गं," मी म्हटलं. आवाज उतरलाच.

दुफीने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे.

"मावशी, जेवून ये जा."

"मी जेवले की!"

"मग परत जेव."

मावशी पुटपुटत गेली. दुफीने उजवीकडच्या वेण्या सोडायला घेतल्या.

"अगं, हे काय?"

"जाड झाल्यात. अंत्यविधीला बारीकच शोभतात. तुम्ही लिहा."

फोन वाजला. नवरा. "झालं का?"

दुफीच वाकून ओरडली, "अर्धं डोकं बाकी आहे, दादा!"

"बरं बरं, होऊ दे सावकाश."

आत्याने चपला काढल्या. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. मी लिहीत गेले. दुफी एरवी एका वेणीला घेते तेवढ्या केसांच्या तीन-तीन वेण्या घालत होती. पाचला थोडा वेळ असताना गोष्ट गेली.

"पोचली पलीकडे?"

"पोचली."

"मग आता मान सरळ धरा. केव्हाची वाकडी बसलाय."

शाळा, संसार सांभाळून लिहायला वेळ कुठून काढता, असं लोक विचारतात. मी दुफीच्या दुकानाचा पत्ता सांगते. त्यांना ती थट्टा वाटते.

त्या दिवशी सकाळी, मी यायच्या आधी, दुफीने त्याच दुपारची वेळ मागणाऱ्या एका नवरीला दुसऱ्या दुकानात पाठवलं होतं.