हरकतींची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. देशातल्या सगळ्या बँकांना जी नियम घालून देते, त्या मोठ्या बँकेच्या दाराबाहेर मला भिंतीला ठोकलं आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात सुरेख अक्षरं आहेत : हरकती व सूचना. ती एका पेंटरनं काढली, तो तरणाबांड असताना.

मित्रांनो, पद्धत अशी. यंदा कोणते नियम येणार, त्याची यादी शेजारच्या फलकावर लागते. मग एकेका नियमाचा मसुदा लागतो आणि लोकांना महिनाभर मुदत मिळते. लोक माझ्यात पत्रं टाकतात, शिपाई दर सोमवारी कुलूप काढतो. एका शिक्षिकेच्या पत्रानं एकदा आख्खं कलम रद्द झालं होतं. तेव्हा माझी काय वाहवा झाली! पुढे लोक संगणकावरून लिहू लागले. माझ्या फटीत बसची तिकिटं यायला लागली.

यंदाचा मसुदा होता : सही हुबेहूब जुळली नाही तर पैसे मिळणार नाहीत, अंगठाही चालणार नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, तोच पेंटर आला. म्हातारा झालेला, सोबत लेक. हात सारखा थरथरत होता. पत्र लिहायला चार दिवस लागले होते.

"बाबा, मी लिहून दिलं असतं की."

"तू लिहिलंस तर माझा हात कापतो हे त्यांना दिसणार कसं?" मग पाकीट माझ्या फटीत टाकून, माझ्यावरच्या अक्षरांवर बोट टेकून म्हणाला, "हा 'ह' बघ. एका फटकाऱ्यात काढलाय."

बँकेच्या साहेबांना नियमाच्या घोषणेची घाई होती. बैठक शनिवारीच ठेवली. शिपायानं विचारलं, "पेटी उघडू का?"

"सोमवारी उघडतात ना? मग सोमवारीच."

संध्याकाळी नियम फलकावर लागला. खाली ओळ होती : जनतेकडून एकही हरकत आली नाही.

रविवारी बापलेक आले. लेकीनं वाचून दाखवलं.

"एकही नाही? अडकलं असेल गं," म्हणत त्यानं फटीत बोटं घातली. वीतभर खाली ते पाकीट पडलं होतं. मला ना हात, ना तोंड.

सोमवारी त्यावर शिक्का बसला : मुदतीनंतर प्राप्त.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही खुर्चीवर बसाल, तेव्हा लोकांना लिहा म्हणालात तर आधी पेटी उघडा, मग तोंड. ते जमणार नसेल तर माझ्यावरची अक्षरं खरवडून टाका. फक्त त्या कामाला त्या पेंटरला बोलावू नका.