बोटभर कमी

माझी सवत हरभऱ्याएवढी आहे, अंगभर केस आहेत आणि ती काचेच्या डबीत राहते. उड्या मारणारी कोळीण! आमचे हे कोळ्यांच्या डोळ्यांवर संशोधन करतात. आता तर तिला घरीच आणून बसवलंय.

"अगं, आठ डोळे आहेत तिला!" हे रोज ऐकवतात. माझे दोनच, हा काय माझा गुन्हा? शनिवारी मी कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणले. आज मंगळवार उजाडला, यांचं लक्ष गेलं असेल तर शपथ. मीही हट्टाला पेटले. आपण होऊन सांगायचं नाही.

काल रात्री उशीवर डोकं टेकलं तरी तिचंच पुराण. तिच्या पुढच्या मोठ्या डोळ्यांत म्हणे पडद्याचे थर असतात, एकामागे एक. हिरवा उजेड एका थरावर स्वच्छ उमटतो, त्याच्या पुढच्या थरावर पुसट. किती पुसट, त्यावरून ती अंतर ओळखते आणि नेमकी उडी मारते. "पांढऱ्या उजेडात हिरवा असतोच. पण नुसत्या लाल उजेडात हिचा अंदाज चुकतो."

बरं झालं सांगितलंत!

मी दिव्यांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी हे माशी आणायला आत गेले, तेवढ्यात मी खोलीतला दिवा बंद केला आणि डबीवरच्या दिव्याचा बल्ब काढून लाल लावला. पडू दे एकदा तोंडघशी.

उजेड लाल झालाय हेही न बघता यांनी माशी सोडली. कोळीण दबकली, नेम धरला, उडी मारली आणि अलीकडेच आपटली. पुन्हा तेच.

"अरे अरे! बोटभर कमी पडली!" यांचा जीव खालीवर.

माझं टाळकंच सटकलं. "तिची उडी बोटभर कमी पडली ते लगेच दिसलं? माझे केस हातभर कमी झालेत, शनिवारपासून!"

यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"बल्ब तू बदललास?"

"हो."

"आधी काढ तो. कालपासून उपाशी आहे गं ती."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डबीत ती पुन्हा नेम धरून बसली होती. कसली सवत न् कसलं काय! जीव तोडून उडी मारायची आणि अलीकडेच आपटायचं, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी पांढरा बल्ब लावला. तिनं झडप घातली, माशी पकडली. हे खूश.

मग माशी तोंडात धरूनच ती वळली. पुढचे दोन्ही मोठे डोळे माझ्यावर. मी उगाच केस मागे सारले. मेली कितीतरी वेळ बघत होती.