तड्यावरचा चुना

रिठद गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर बदरुद्दीनची पाणचक्की होती. त्याच्या आजानं बांधलेली. बाहेरून पाहिलं तर काळ्या दगडाची साधी खोली. खरं बांधकाम तिच्या पोटात होतं. बंधाऱ्यावरून वळवलेलं पाणी दगडी पाटानं येई, उतरत्या पन्हाळीतून खालच्या कमानीत शिरे आणि तिथं आडव्या बसवलेल्या लाकडी चाकावर आदळे. चाकाचा उभा कणा कमानीच्या माथ्यातल्या भोकातून वर जाई आणि वरच्या खोलीतलं जातं फिरवी. भिंती, धाबं, गाडीच्या चाकाएवढे जात्याचे दगड, सगळा भार त्या एका कमानीवर.

चव्वेचाळीस सालच्या पुरात एक आख्खं झाड वाहत येऊन कमानीवर आदळलं होतं. पाणी ओसरल्यावर बदरुद्दीन आत शिरला, तर माथ्यापासून डावीकडे बोट जाईल एवढा तडा गेलेला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पडायला आलेल्या चक्कीवर दळण घेऊन कोण येणार? त्याच्या बायकोनं, मेहरबीनं, चुना कालवून दिला. त्यानं गुळाचं पाणी घालून तो घोटला, तडा भरला आणि वरून सगळ्या कमानीला गिलावा केला.

चक्की चालत राहिली. मग गावात डिझेल इंजिनाची चक्की आली आणि नदीपर्यंत कुणी येईना. दोन वर्षं पाट कोरडा पडला. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात सडकेवर मोरी बांधायचं निघालं, घडीव दगड हवे होते. वाशीमच्या कंत्राटदारानं पाडून दगड न्यायला चक्की मागितली. बदरुद्दीननं अंगठा दिला. बंद चक्की रोज बघण्यापेक्षा ती नसलेली बरी, असं त्याला वाटलं.

मुकादम बाबूसिंग तांड्यावरचे आठ मजूर घेऊन आला. त्यात लखीराम हा दगडातला जाणता, आणि त्याची बायको हिरीबाई. लखीरामनं कमानीत शिरून चारी बाजूंनी हातोडीनं ठोकून पाहिलं. डाव्या बाजूला तो जरा थांबला.

"चाचा, जातं काढाच्या आंधी खालून टेकू लावा लागते का? तुमाले ठाव असंल."

सगळे बदरुद्दीनकडे बघू लागले. दोन वर्षांत त्याला कुणी चक्कीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"माह्या आजाची कमान हाये," तो म्हणाला. "हत्ती चढवला तरी हालनार नाई."

"झालं तर मंग," बाबूसिंग म्हणाला. "टेकूच्या लाकडासाठी वाशीमले गाडी कायले पाठवू?"

घरी जेवताना मेहरबीनं विचारलं, "तड्याचं सांगतलं का त्याइले?"

"इतके साल टिकली. दोन दिवस नाई टिकनार?"

"मानसं आत जातील," ती म्हणाली.

"सकाळी सांगतो."

सकाळी तो गेला, तेव्हा धाबं उतरवून झालं होतं. मजूर भिंतीवर होते. बाबूसिंग खाली उभा राहून ओरडत होता. काल एवढं छाती काढून बोललो, आता सगळ्यांसमोर काय सांगायचं? भाकरीची सुटी झाली की लखीरामला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवून बदरुद्दीन बाभळीखाली टेकला.

सुटी व्हायच्या आधी त्यांनी जात्याचा वरचा दगड पहारीनं उचलला. तो कलंडून आपटला. आवाज फार मोठा झाला नाही. खोलीची जमीन खचली आणि दगड खाली गेले. धूळ उठली. वरचे मजूर भिंतीला धरून वाचले.

"हिरी आत हाये," लखीराम म्हणाला.

चाकाच्या लोखंडी पट्ट्या काढायला ती कमानीत उतरली होती.

मजूर समोरून दगड ओढू लागले. बदरुद्दीन धावत आला. "समोरून ओढू नका. रायलेली कमान बसंल. वरून काढा, उजव्या अंगानं. मी पन्हाळीतून जातो."

तो साठीचा होता, पण अंगानं काडी. पन्हाळीतून पाय पुढे करून तो घसरत आत गेला. खाली चाकाच्या मोडक्या फळ्यांमध्ये त्याला हिरीबाईचा हात लागला. कमरेखाली ती दगडांत होती.

"कोन हाये?"

"मी. चक्कीवाला."

"माह्ये मालक वर होते."

"बरे हायेत. तुलेच काढून राह्यले."

तिनं पाणी मागितलं. लखीरामनं ओलं फडकं दोरीला बांधून पन्हाळीतून सोडलं, ते त्यानं तिच्या तोंडात पिळलं. कोणता दगड आधी काढायचा, कोणत्याला हात लावायचा नाही, हे तो खालून सांगत होता. मध्येच तिची बोटं सैल पडली. बदरुद्दीननं तिच्या नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास लागत नव्हता. वर लखीराम विचारत होता, "चाचा, बोलते का?"

खरं सांगितलं तर लखीराम घाई करील आणि घाईत आणखी कुणीतरी जाईल, हे त्याला दिसत होतं. "सावकाश काढा," तो म्हणाला.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती.

पोलीस पाटलानं पंचनाम्यात लिहिलं, बांधकाम जुनं असल्यानं कोसळलं. "तडा होता," बदरुद्दीन म्हणाला. "मले माहीत होतं. लिहा."

"चाचाचं डोकं ठिकान्यावर नाई," बाबूसिंग म्हणाला. पाटलानं कागदाची घडी घातली.

चौथ्या दिवशी बदरुद्दीन तांड्यावर गेला. लखीराम झोपडीपुढे बसला होता. बदरुद्दीननं पूर, झाड, चुना, गिलावा, बाभळीखाली बसणं, सगळं सांगितलं. तिचा जीव केव्हा गेला तेही सांगितलं.



"मी इचारलं होतं तुमाले," लखीराम म्हणाला.

"हो."

"आठ जनाइपुढं इचारलं होतं."

"हो."

"टेकूले किती येळ लागला असता? दोन दिवस." त्याचा आवाज चढला नाही. "जा तुमी आता. पुन्हा येऊ नका."

बदरुद्दीन उठला. नदीची वाट धरून निघाला.

पावसाच्या आधी मोरी दुसरीकडच्या दगडात बांधून झाली. लखीराम कारंज्याच्या बाजारात हमालीला गेला. दगडाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. बदरुद्दीन मात्र नदीवरच राहिला. गुरं पाजायला आलेली माणसं पडक्या चक्कीजवळ थांबली की तो उठून जाई आणि न विचारता सांगे की कमान जुनी म्हणून नाही पडली, माझ्यानं पडली. दोन-तीनदा ऐकल्यावर माणसं गुरं वरच्या उतारावर नेऊ लागली.