अकरा खड्डे

मी एक जुनी पायवाट आहे, आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे.

पायवाटेला कुठले आले डोके, असे विचारू नका. टेकडीच्या माथ्यावर, उंच सुळक्याच्या पायथ्याशी मी जिथे संपते, ते माझे डोके. माझे पाय खाली, पाण्याच्या टाकीपाशी. मध्ये सात वळणे. मित्रांनो, माझी गोष्टही मी सात वळणांनीच सांगणार आहे. मधूनच खाली उडी मारायची नाही. ही विनंती मी गेली तीस वर्षे करते आहे आणि गेली तीस वर्षे ती कोणी ऐकलेली नाही.

वळण पहिले

मला आधी शेळ्यांनी काढले. शेळ्यांना वाटेतले कळते. त्या उताराला कधी सरळ भिडत नाहीत. थोडे इकडे, थोडे तिकडे करत चढतात. मग माणसे आली आणि सरळ चढू लागली. त्यांना धापा लागल्या आणि मला भेगा पडल्या. शेवटी वनखात्याने मला नीट बांधायचे ठरवले आणि एका गवंड्याला काम दिले.

हा गवंडी मोठा विचित्र होता. इतर कारागीर दोरी लावतात, पट्टी लावतात. हा वर चढून बादलीभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून पाहत राहायचा. पाणी माझ्या अंगावरून खाली धावू लागले, की काठीने तिथे रेघ मारायचा आणि त्या रेघेवर तिरका, उथळ चर खणायचा. चराच्या खालच्या काठाला दगड बसवायचा. मग पुन्हा बादली. पाणी चरात शिरून दरीच्या बाजूला निघून गेले की उठायचा.

“पाण्याला वाट दिली नाही, की ते वाटेलाच खातं,” एवढेच तो म्हणायचा, आणि तेही दगडांना. माणसांशी तो कामाबद्दल बोलत नसे.

असे अकरा चर त्याने खणले. पुढे वर्षानुवर्षे, दर पंधरा दिवसांनी तो एकटाच फावडे घेऊन येई आणि चरांत साचलेली माती काढून टाकी. म्हणून मी जागेवर राहिले. नाहीतर केव्हाच दरीत गेले असते.

वळण दुसरे

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी किती लोकांना माथ्यावर नेले, मोजदाद नाही. वर पोचले की सगळे म्हणत, “वा, काय सुळका आहे!” सुळक्याचे फोटो काढत. सुळका म्हणे सुंदर! जागचा हलत नाही, कोणाला कुठे नेत नाही, कोणाचा पाय त्याच्या अंगावर पडत नाही. सुंदर राहायला जाते काय त्याचे?

रोज सकाळी टपालकाका येत. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षे लोकांच्या पत्रांसाठी चालले, आता स्वतःच्या गुडघ्यांसाठी चालतात. माणूस भला, पण बूट पांढरे. चिखल दिसला की माझ्या कडेच्या गवतावरून जाणार. त्यांचे पाहून मागचाही गवतावरून जाणार. असे करत करत दीड हात रुंद असलेली मी त्या जागी पाच हात रुंद झाले. माणसाची रुंदी वाढली की डॉक्टर त्याला चालायला सांगतात. माझी रुंदी या लोकांच्या चालण्यानेच वाढली. आता मी कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?

आणि भिंगरी येई. भिंगरी म्हणजे गवंड्याची मुलगी. खरे नाव वेगळे, पण बापाने हे ठेवले आणि तेच चिकटले. ती माझ्यावरच चालायला शिकली, माझ्यावरच सायकल शिकली, आता गावात तिचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दर रविवारी ती आठ-दहा जणांना डोंगरात सायकल चालवायला शिकवी. टपालकाकांचे आणि तिचे रविवारचे भांडण ठरलेले.

“घंटी वाजवता येत नाही का गं?”

“वाजवली काका, दोनदा. तुम्ही कानात गाणी घालून चालता.”

“गाणी नाहीत, बातम्या आहेत!”

“मग बातमी ऐका, मागून सायकली येतायत.”

वळण तिसरे

एक दिवस गवंडी परांचीवरून पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. त्याचे टेकडीवर येणे थांबले. चरांत माती साचू लागली. काठाचे दगड चाकांनी ढिले झाले, काही निसटले. अकराच्या अकरा चर ओबडधोबड दिसू लागले.

त्याच सुमारास वनरक्षक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी भिंगरीला स्पष्ट सांगितले.

“या डोंगरात चाकांना एवढी एकच वाट दिली आहे, तीसुद्धा परीक्षेवर. पावसाचे दिवस संपले की मी येऊन बघणार. वाट जागेवर असेल तर सायकली चालतील. वाहून गेली असेल तर टाकीजवळच्या फाटकाला कुलूप.”

“बाबांनी बांधलेली वाट आहे, मॅडम,” भिंगरी म्हणाली. “नखभर सरकायची नाही.”

बोलली छातीठोक, पण तिचा रंग उडालेला मी पाहिला. माझ्याशिवाय तिला दुसरी जागाच नव्हती.

वळण चौथे

मग बाईंनी फाटकाला कुलूप लावले आणि भिंगरी फाटकापाशी बसून रडली.

पाहिलेत? चौथ्या वळणावर लोक नेमके हेच करतात. वळण सोडतात, झुडपांतून सरळ खाली घसरतात आणि दीड मिनिट वाचवतात. एकाने घसरून पाडलेल्या खुणेवरून दुसरा जातो, दुसऱ्याच्या मागून पाणी जाते. आता सांगा, कुलूप का लागले? मधले काही कळले का? नाही ना? मग चढा परत वर.

वळण चौथे, पुन्हा, पण पूर्ण

सहाव्या वळणावरच्या चरात एका शिकाऊ मुलीचे चाक अडकले आणि तिची हनुवटी फुटली. चार टाके पडले. भिंगरीने तो चर पाहिला. मग बाकीचे पाहिले. बाई तपासायला येणार, आणि वाटेवर हे असले खड्डे!

होय मित्रांनो, तिला ते खड्डे वाटले.

गवंड्याची मुलगी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिला चर कसे कळले नाहीत? मी सांगते. तिने मला हजार वेळा पाहिले, पण पाऊस पडत असताना एकदाही पाहिले नाही. कोणीच पाहत नाही. आभाळ भरून आले की सगळे पळत घरी जातात. भर पावसात मी काय सोसते, काय वाचवते, हे बापाला माहीत होते, आणि त्याने ते फक्त दगडांना सांगितले होते.

दोन दिवस तिने घाम गाळला. बाहेरून माती आणली, बारीक खडी आणली, अकरा चर काठोकाठ भरले आणि वरून धुमसाने ठोकून घट्ट केले. काम इतके नेटके की विचारू नका. घाईघाईने केले असते तर निदान लवकर उखडले असते!

टपालकाका बूट आपटून म्हणाले, “वा! आता कशी झाली वाट. बापाचं नाव राखलंस, पोरी.”

मी ओरडत होते. अहो, ते खड्डे नाहीत, माझी नाके-तोंडे आहेत, बुजवू नका! पण पायवाटेचे ओरडणे कोणाला ऐकू जाणार? एकाच्या कानात बातम्या, दुसरीच्या डोक्यात कौतुक.

वळण पाचवे

शेवटचा, माथ्याजवळचा चर भरून तिने घरी फोन लावला. हात मातीने माखलेले, म्हणून फोन दगडावर ठेवला आणि आवाज मोठा केला. त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“बाबा, एक गंमत आहे. तुमच्या वाटेवरचे सगळे खड्डे मी बुजवले.”

“कसले खड्डे? माझ्या वाटेवर खड्डे कुठून आले?”

“होते हो, आडवे, पार खालपासून वरपर्यंत. तुम्ही काळजी करू नका, आता आरशासारखी केलीय.”

“किती होते?”

“अकरा.”

पलीकडे खाट करकरली.

“बाबा? ऐकू येतंय ना?”

“अकरा,” तो म्हणाला. “मोजून?”

“हो. का?”

“आभाळ कसं आहे तिकडे?”

तिने मान वर केली. “काळं. येईलच आता.”

“भिंगरे, ते खड्डे नव्हते गं. मी खणलेत ते. पाणी बाहेर काढायला.” त्याचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “चूक माझी आहे. घरात कधी बोललोच नाही. ऐक आता. फावडं आहे ना जवळ? वरून सुरू कर. आधी वरचं पाणी बाहेर काढ, खालचं नंतर. आणि सरळ खणू नकोस, तिरकं. दरीकडे.”

“किती तिरकं?”

“पाणी थांबणार नाही एवढं.”

आता हे काय माप झाले? पण तिने फोन खिशात टाकला आणि फावडे उचलले.

वळण सहावे

पहिला चर उघडेपर्यंत थेंब आले. तिसऱ्याला धारा लागल्या. आधी धुमसाने ठोकून बसवलेली खडी आता फावड्याला दाद देईना. टपालकाका छत्री सावरत घाईने खाली निघाले होते. त्यांना पाहून ती ओरडली, “काका, ती कुदळ घ्या!”

“मी? अगं, माझी कंबर…”

“काका!”

काकांनी छत्री मिटली. भिजत, कुरकुरत, कुदळीने खडी सैल करत राहिले. ती मागून फावड्याने उपसत राहिली. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. जो चर उघडे त्यातून पाणी दरीकडे उडी घेई आणि मला हायसे वाटे. पण खालचे चार राहिले. सातव्याच्या खालचे सगळे पाणी एकत्र झाले, माझ्याच अंगावरून खाली धावले आणि त्याने मला सोलून काढले. तासाभरात तिथे गुडघाभर घळ पडली. माझी माती टाकीपाशी चिखल होऊन पसरली.

भिंगरी घळीच्या काठावर उभी राहून पाहत होती. पावसात मला पाहायची तिची ती पहिली वेळ.

वळण सातवे

पावसाचे दिवस सरले आणि वनरक्षक बाई आल्या. घळीत मोजपट्टी धरली. मग वर जाऊन आल्या.

“वरचे सात चर शाबूत आहेत. कोणी उघडले?”

“मी. आणि काकांनी.”

“खालचे चार कोणी बुजवले?”

“मीच.” मग तिने हळूच म्हटले, “अकराही मीच बुजवले होते.”

“मग कुलूप वाटेला लावू की तुला?”

चाकांसाठी फाटक वर्षभर बंद झाले. तेव्हा ती फाटकापाशी बसून रडली. आता कळले ना, का?

तिसऱ्या दिवशी गवंडी दोन काठ्या टेकत टाकीपर्यंत आला. त्यापुढे त्याला चढवेना. सर्वांत खालच्या चरापाशी, दगडावर, बादली घेऊन बसला. भिंगरीने आधी घळ भरून काढली, मग चर खणला, दगड बसवला. त्याने पाणी ओतले.

“दगड काढ.”

“का? गेलं की पाणी.”

“मध्ये थांबलं. काढ.”

सहा वेळा काढायला लावले. न राहवून टपालकाका म्हणाले, “अहो, मुलगी आहे ती तुमची, मजूर नव्हे.”

“मजुराला मी तीनदाच काढायला लावतो,” गवंडी म्हणाला.

त्याच्या वरचे, उरलेले तीन चर तिने एकटीने केले. बाप पाहायला नव्हता. एकदा पाणी चरात क्षणभर घुटमळले. तिने इकडे तिकडे पाहिले, “पाणी थांबणार नाही एवढं,” हे बापाचे चार शब्द स्वतःशीच पुटपुटली आणि दगड उचकटून काढला. मित्रांनो, मी तिच्यावर पावसाळाभर चिडलेली होते, पण तेवढ्या वेळेपुरता माझा राग गेला.

पुढच्या वर्षी वनरक्षक बाई पाऊस संपायची वाट पाहत बसल्या नाहीत. भर पावसातच आल्या. भिंगरीला बरोबर घेऊन माथ्यापर्यंत चढल्या. अकरा ठिकाणी पाणी माझ्यावर येत होते आणि अकरा ठिकाणी दरीकडे निघून जात होते. खाली येऊन त्यांनी कुलूप काढले आणि फाटक सताड उघडले.

“घे. आण तुझी सायकल.”

भिंगरीची सायकल तिथेच, टाकीला टेकवून ठेवलेली होती. वर्षभर ती या घटकेची वाट पाहत होती. तिने सायकलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“आज नको, मॅडम,” ती म्हणाली. “वाट ओली आहे.”

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मला तीस वर्षे लागली. इतका उशीर करू नका. मी ओली असेन तेव्हा चाक माझ्यावर घालू नका. वळण आले की वळा. चर दिसला तर त्याला खड्डा म्हणून भरून टाकण्याआधी कोणाला तरी विचारा, आणि ज्याने तो खणला आहे त्याने कृपा करून घरी तोंड उघडावे. चिखल लागला तर चिखलातून जा. बूट धुता येतात, मला धुतले की मी उरत नाही. वाटल्यास जाता जाता मला नावे ठेवा. पण पाय माझ्यावरच ठेवा.