खुर्चीमागचा काळोख

तिसऱ्यांदा त्यानं माउस डाव्या कोपऱ्यात नेला आणि तिसऱ्यांदा तिथं भलतंच काहीतरी उघडलं. कालपर्यंत जुन्या फोटोंवरचे डाग पुसायचा ब्रश तिथंच होता. रात्री सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सकाळी आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखी त्याची गत झाली. नवी विटी, नवं राज्य.

"हे ज्यानं केलं ना भावजी, त्याला एकदा चहाला बोलवा," शेजारच्या स्टुलावर बसलेली वहिनी म्हणाली. "बिनसाखरेचा देऊ."

तिनं कप उचलला तशी तिची करंगळी बाहेर वळली. ती जन्मापासून वाकडी. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून हा धाकटा दीर तिला चिडवायचा, की वहिनी चहा पिताना कुणाला रस्ता दाखवते कोण जाणे. आता नातही तसलीच करंगळी घेऊन जन्मली होती. म्हणूनच आपला लहानपणचा फोटो साफ करून नातीच्या फोटोशेजारी लावायचं वहिनीच्या मनात होतं.

तेवढा एकच फोटो तिच्याकडे होता. खुर्चीत बसलेलं पाच-सहा महिन्यांचं बाळ, मागं काळं. तिची आई ती वर्षाची व्हायच्या आत गेली आणि आईचा फोटो कुणाकडेच निघाला नाही. वहिनीनं मामा, मावश्या, लांबचे चुलते, सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं, पण कुणाच्या घरी जुना अल्बम उघडला की अजूनही ती हातातलं काम टाकून बघायला यायची.

ब्रश सापडेना, तेव्हा त्यानं आधी मागची बाजू उरकायचं ठरवलं. बाळांच्या जुन्या फोटोंत मागं काहीबाही असायचं, कापडाच्या चुण्या, कुणाचा तरी हात. असलं दिसता कामा नये, हे त्याला फोटो दुरुस्त करायला शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. एक बटण दाबलं की मागचं सगळं काळंकुट्ट होई. बोट सवयीनं त्याच बटणावर गेलं.

नव्या आवृत्तीत ते बटण उलटं झालं होतं. काळोख उजळला.

तो शिवी द्यायच्या बेतात होता, ती तोंडातच राहिली. बाळामागं खुर्चीची पाठ नव्हतीच. काळं कापड डोक्यावरून पांघरून कुणीतरी बसलं होतं. खांद्यांचा उतार दिसत होता, बाळाकडे झुकलेलं डोकं दिसत होतं. बाळ अजून एकट्यानं बसत नसणार, म्हणून त्याला मांडीवर धरून, फोटोत एकटं बाळच यावं यासाठी ती स्वतः झाकून बसली होती. कापडाखालून एक हात बाळाच्या कमरेशी आला होता. त्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती.

असे किती हात आपण आजवर पुसले, असं त्याच्या मनात आलं. त्या प्रत्येकामागं कुणीतरी असंच श्वास रोखून बसलं असणार.

वहिनीनं कप खाली ठेवला. स्टूल पुढं ओढलं आणि आपला हात पडद्याजवळ नेला, त्या हाताशेजारी.

"चेहरा नाही दिसत," ती म्हणाली.

"कापडाखाली आहे, वहिनी."

"असू दे. बसलीय कशी, ते दिसतंय."

मग त्याच्या ध्यानात आलं की मागचं उजळताना पुढचं बाळ पांढरंफटक पडलंय, नाकडोळेसुद्धा उरले नाहीत. तेवढा भाग झाकून घ्यायची सोय होती, पण नव्या आवृत्तीत ती कुठं नेऊन ठेवली होती देव जाणे. तो घाईघाईनं शोधू लागला. जरा थांब, दोघी दिसतील असं करतो, म्हणाला.

वहिनीनं त्याचा माउसवरचा हात धरला.

"राहू द्या भावजी. मी काय, रोज आरशात आहेच."