ठेवणीतलं मटण

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. दार उघडणारा उंच फ्रिज नव्हे, मित्रांनो. मी पेटीसारखा आडवा, वरून झाकण उचलायचे असा. फ्रिजला घरात मान असतो. त्याच्यावर चित्रे चिकटवतात, पाहुणे आले की त्यातून सरबत काढतात. मला मात्र कायम मागच्या खोलीत ढकलतात आणि वर धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकतात. माझी मोटर घरघर करते म्हणून येता-जाता नावे ठेवतात ती वेगळीच. असो. मी हाडाचा कुरकुऱ्या आहे, पण कामचुकार नाही. जे आत येईल ते आहे तसे थांबवून धरायचे हे माझे काम, आणि ते मी आयुष्यभर इमानेइतबारे केले. त्या कामाचाच आता पस्तावा होतो, म्हणून तर बोलायला बसलो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझी पहिली नोकरी एका शाळेजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात लागली. काय दिवस होते ते! शाळा सुटली की मुले टाचा उंच करून माझ्यात डोकावत. झाकण उघडले की थंड वाफ त्यांच्या तोंडावर यायची आणि ती खिदळायची. सकाळी भरलेला माल संध्याकाळपर्यंत संपून जायचा. ठेवायचे ते खाण्यासाठीच, एवढाच तिथला हिशेब होता. पुढे दुकानदार म्हातारा झाला, दुकान बंद पडले आणि मी विकला गेलो.

मला विकत घेतले ते एका नवरा-बायकोने. दोघे नोकरीसाठी आपला मुलूख सोडून आले होते. तो बंदरावर क्रेन दुरुस्त करायचा आणि ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. हा देश असा, की इथे दोनच ऋतू आहेत. एक उन्हाळा आणि दुसरा त्याहून कडक उन्हाळा. समुद्र जवळ असल्यामुळे मासळी मुबलक. कोंबडीही मिळे. पण बाकीचे मांस थंड देशांतून बोटीने यायचे, दगडासारखे गोठलेले, खोक्यांत भरलेले. ते घरी आणून ठेवायचे तर माझ्यासारखा कुणीतरी लागतोच.

पहिल्याच महिन्यात या बाईंनी एक मोठी चूक केली. हा प्रसंग मी सगळा पाहिलेला नाही, पण नवऱ्याने तो आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितला, की मला तोंडपाठ झाला. गोठलेल्या मांसाच्या दुकानात एका पाकिटावर ‘मटण’ असे छापलेले बाईंना दिसले. त्यांना आकाश ठेंगणे झाले. घरी येऊन त्यांनी कांदा परतला, वाटण केले, रस्सा ठेवला. थोड्या वेळाने घरभर असा काही उग्र वास सुटला, की नवरा खिडक्या उघडत फिरू लागला.

“अगं, मटण आणलंस की घोंगडी शिजवतेयस?”

“हे बोकडाचं नाही हो,” बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “मेंढीचं आहे.”

“पाकिटावर तर मटण लिहिलंय.”

“आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. यांच्याकडे मटण म्हणजे मेंढी. शब्द तोच, जनावर दुसरं!”

दुसऱ्या दिवशी बाई तणतणत दुकानात गेल्या. बोकडाला तिथल्या भाषेत काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांनी डोक्यावर दोन बोटांची शिंगे केली आणि हनुवटीखाली हात नेऊन लांब दाढी दाखवली. आता पंचाईत अशी, की खाटीकदादांची स्वतःचीच दाढी छातीपर्यंत होती. त्यांनी ती आवळून धरली.

“बाई, ही विकायला नाही,” ते म्हणाले. मग मात्र त्यांना उलगडा झाला आणि ते पोट धरून हसले. “बोकड म्हणा की! तो रोज नाही मिळत. बोटीतून आला तर आला. आला की निरोप देतो तुम्हाला.”

खाटीकदादा शब्दाला जागले. बऱ्याच दिवसांनी बोट लागली आणि त्यांचा निरोप आला. बाई आणि त्यांचा नवरा जाऊन हाडासकट थोडे तुकडे आणि एक अख्खी मांडी घेऊन आले. मांडी कसली सुरेख होती! मी आजवर आइस्क्रीमचे डबे सांभाळलेले. असला ऐवज माझ्या पोटात पहिल्यांदाच आला.

पण ही मांडी लगेच शिजली नाही. का, ते कळायचे तर आबांविषयी सांगायला हवे. आबा म्हणजे बाईंचे वडील. शाळेत पी.टी.चे मास्तर होते, आता निवृत्त होऊन मायदेशी मुलाकडे राहत. घरात रविवारचे मटण त्यांच्याच हातचे. कुकरला ते हात लावीत नसत. “कुकरला घाई फार,” म्हणायचे. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, झाकणात पाणी ठेवून, वाफेवर ते मटण शिजवायचे. लहानपणी बाईंकडे काम एकच. झाकणातले पाणी आटले की पुन्हा ओतायचे. आत काय आणि कधी पडते हे मात्र आबांनी कुणाला बघू दिले नाही. स्वयंपाकघरात गर्दी झाली की ते गळ्यातली शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढीत.

बाईंनी सुटे तुकडे आपल्या आठवणीने करून पाहिले. बरे झाले, पण ती चव काही येईना. त्यांनी आबांना फोन लावला. कपड्यांसाठी त्या मागच्या खोलीत आल्या होत्या, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“आबा, माझं काय चुकतंय?”

“सगळंच चुकत असणार,” आबा म्हणाले. “फोनवर कवायत शिकवता येते का कधी? मटणाचंही तसंच आहे. मी येतो तिकडं. शेजारी उभी राहा, मग शिकवतो.”

“मग मांडी तुमच्यासाठी ठेवू?”

“ठेव की.”

त्या दिवसापासून त्या मांडीला घरात नाव पडले ‘ठेवणीतलं’. ठेवणीतली साडी असते, ठेवणीतल्या कपबश्या असतात, तसे हे ठेवणीतले मटण. मित्रांनो, मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता. लाइट गेली की बाई धावत यायच्या आणि घरातली एकुलती एक रजई माझ्यावर पांघरायच्या. त्या उकाड्यात माणसे घामाने निथळत बसलेली आणि मी रजईत! नवऱ्याचा वाढदिवस आला तेव्हा त्याने हळूच माझे झाकण उचलले.

“एवढी मांडी नुसती पडून आहे. आज करूया ना.”

“हात लावाल तर बघा,” बाई तिकडूनच ओरडल्या. “ते आबांचं आहे.”

त्याने बिचाऱ्याने मासळीवर वाढदिवस साजरा केला.

आबांचे येणे मात्र पुढे पुढे जात राहिले. एकदा त्यांचे मोतीबिंदू निघाले. एकदा इथे दवाखान्यात माणसे कमी पडली आणि बाईंना रजा मिळेना. “तुम्ही याल आणि मी कामावर असेन, त्यात काय मजा?” त्या फोनवर म्हणाल्या. “पुढच्या वेळी निवांत या.” आबाही म्हणायचे, “मी कुठं पळून चाललोय?” दोघांनाही ते पटत होते. मलाही पटत होते. मी आहे ना सांभाळायला, असे मी घरघरत स्वतःला बजावायचो.

मग एक दिवस बाईंच्या भावाचा फोन आला. आबा हल्ली विसरतात, तो म्हणाला. परवा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. बाई हसल्या, “वय झालं रे आता,” म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. मला वाचा असती तर म्हणालो असतो, बाई, जा. मांडीची काळजी मी करतो, तुम्ही आबांकडे जा. पण बाईंनी कपडे उचलले आणि त्या कामाला लागल्या.

शेवटी आबा आले. मुलगा त्यांना पोचवून परत गेला. मी ज्यांच्यासाठी इतके दिवस थंडी धरली, ते आबा मी पहिल्यांदाच पाहिले. ताठ कण्याचे, चापूनचोपून भांग पाडलेले. ते सकाळी मला बघून म्हणाले, “ही पेटी कुणाची?” संध्याकाळी परत तेच म्हणाले.

रविवार ठरला. बाई आणि नवरा मांडी घेऊन खाटीकदादांकडे तुकडे करून घ्यायला गेले. “अजून ठेवली होती?” असे ते चकित होऊन म्हणाल्याचे नवऱ्याने सांगितले. मांडी कडांना थोडी पांढरट झाली होती, एवढेच. बाकी मी तिच्यात काही फरक पडू दिला नव्हता.

माझ्या खोलीचे दार स्वयंपाकघरात उघडते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले. आबांनी कमरेला पंचा गुंडाळला. जाड बुडाचे पातेले चढले. कांदा त्यांनी असा परतला, की वास थेट माझ्या झाकणाच्या रबरापर्यंत आला. मटण पडले, हळद पडली. बाई अगदी शेजारी उभ्या होत्या, हातात काही नाही, नुसत्या बघत. इतकी वर्षे त्यांना हेच हवे होते. मग आबांचा हात हवेत थांबला. त्यांनी डब्यांकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले.

“पुढं?” ते म्हणाले.

“पुढं काय, आबा? सांगा ना.”

“तू सांग. तू असायचीस ना तिथं?”

“तुम्ही शिट्टी मारून बाहेर काढायचात आम्हाला.”

आबा अपराध्यासारखे हसले. “असं करायचो होय मी? मग चुकलंच माझं.”

बाईंनी तोंड फिरवले आणि उगाच ओटा पुसला. मग दोघांनी मिळून अंदाजाने काय काय घातले. झाकणात पाणी ओतले. मटण शिजले. वाईट झाले नाही, पण आबांच्या हातचे ते नव्हते. बाईंना आणि नवऱ्याला ते कळले. आबांना कळले की नाही, खरे तर मला सांगता यायचे नाही.

ते जेवायला बसले. आबांनी दोन घास खाल्ले आणि वाटी पुढे सरकवली.

“यातलं आमच्या मुलीला काढून ठेवा थोडं,” ते बाईंनाच म्हणाले. “ती फार लांब असते. आली की खाईल.”

बाई उठल्या. वाटी घेऊन सवयीने माझ्याकडे आल्या, त्यांनी झाकण उचलले. मी रिकामा होतो. जागाच जागा होती. त्यांच्या तोंडावर माझी थंड हवा गेली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी झाकण धाडकन बंद केले. आयुष्यात मला कुणी इतक्या जोरात बंद केले नसेल, पण मला राग आला नाही. त्या आबांच्या समोर जाऊन बसल्या आणि त्याच वाटीतले खाऊ लागल्या.

“आली ती, आबा,” त्या म्हणाल्या. “बघा, जेवतेय.”

आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले.

“सावकाश जेव,” ते म्हणाले. “हाड बघून.”

त्याला आता बरेच दिवस झाले. आबा मायदेशी परत गेले आणि तिकडे पुढच्या उन्हाळ्यात वारले. बाई अजूनही खाटीकदादांकडे जातात. बोकड मिळाला तर त्याच दिवशी करतात, नाही मिळाला तर मासळी आणतात. ठेवत काही नाहीत. माझी वायर काढून गुंडाळून ठेवली आहे. वर कपड्यांचा ढीग आहेच. मोटर बंद असल्यामुळे निदान घरघरीबद्दल बोलणी खावी लागत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या. बर्फ सुरीने खरवडू नका, झाकणाचे रबर पुसत जा, आम्हाला ओलीत उभे करू नका. एवढे केलेत, तर तुमचे मटण, मासळी, आइस्क्रीम आम्ही डोळ्यांत तेल घालून राखू. पण माणसे राखणे आमच्या हातात नाही. मी मांडी जशीच्या तशी ठेवली आणि बाहेर आबा दिवसेंदिवस सरत गेले, हे मला झाकणाच्या आत फार उशिरा कळले. तेव्हा ज्यांच्या हातचे तुम्हाला फार आवडते, त्यांच्या शेजारी आजच जाऊन उभे राहा. त्यांनी हाकलले, तरी दारातून हलू नका.