भांडायला एक भाषांतर

१९७३ साल. त्या वर्षी आमची मुलगी गेली. चार वर्षांची होती. घसा धरला, ताप चढला, आणि आठवड्याच्या आत घरातला तिचा आवाज बंद झाला.

आमचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. नवरा कागद कापायचा, मी घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, शिवायची, मामंजी पुठ्ठे चढवायचे. ती टेबलाखाली बसून कागदाच्या कातरणांचे हार करायची. ती कातरणं मी कितीतरी दिवस झाडली नाहीत.

पाळकसाहेब सांत्वनाला आले. चहा घेता घेता म्हणाले, "बायबलातला तो माणूस आठव. सगळी मुलं एका दिवसात गेली, पण हूं की चूं केलं नाही. मग देवाने त्याला पुन्हा मुलं दिली. तुझंही वय आहे अजून. होईल दुसरं."

मी त्यांच्या हातातला कप घेतला. चहा अर्धा होता अजून. आत जाऊन मोरीत ओतला.

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

"काय हळू? कपबशी फुटली तर दुसरी आणाल. तेच सांगतायत ना ते बाहेर?"

तो माणूस खरंच गप्प बसला का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तो गप्प बसला असेल, तर त्या देवाच्या दारात माझं काही काम नव्हतं. घरात बायबल एकच होतं, जुन्या भाषांतराचं, मामंजींनी स्वतः बांधलेलं. रोज संध्याकाळी ते वाचायचे, आम्ही ऐकायचं. कुठलं पान, ते त्यांनीच ठरवायचं. वाचून झालं की पुस्तक पुन्हा कपाटात.

म्हणून मी पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार आमच्याकडूनच पुस्तकं बांधून घ्यायचा, ओळखीचा होता.

"बायबल हवंय," मी म्हटलं.

"कुणाला भेट द्यायला, वहिनी?"

"भांडायला."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग जाड पुठ्ठ्याचं घ्या. फेकून मारता येईल." मग बिचारा ओशाळला आणि गुपचूप तीन भाषांतरं समोर मांडून ठेवली.

तिन्हींत मी त्याच माणसाची पानं काढली. तो गप्प नव्हता! पानंच्या पानं ओरडत होता. जन्मल्या दिवसाला शिव्या देत होता, देवाला जाब विचारत होता. जुन्या भाषांतरात तो दरबारात उभा राहून बोलल्यासारखा वाटत होता. दुसऱ्यात, साहेबाची परवानगी घेऊन रडल्यासारखा. तिसऱ्यात मात्र तो दार बडवत होता. माझ्यासारखा. मी तिसरं घेतलं.

घरी आले ती तरातरा वर. मामंजी खाली पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होते. कपाट उघडलं, म्हटलं घरच्या जुन्यातलं शेजारी ठेवून नीट ताडून बघू. तर ती पानंच नव्हती! आधीचं पुस्तक संपत होतं आणि एकदम स्तोत्रं सुरू होत होती. शिलाई इतकी घट्ट की फट दिसू नये. पण मी फर्मे शिवून शिवून बोटं झिजवलेली बाई. पानांचे आकडे उडी मारून पुढे गेले होते.

पुस्तक घेऊन खाली गेले आणि खळीच्या भांड्याशेजारी आपटलं.

"मामंजी, फर्मे कुठेयत?"

त्यांनी ढवळणं थांबवलं नाही. "कपाटाला हात कुणी लावायला सांगितला?"

"आमच्या तोंडाला कुलूप घातलंत ते घातलंत, त्याच्याही घातलंत? कुणाला विचारून? बायकांनी देवाशी भांडू नये म्हणून?"

"सूनबाई, आवाज खाली."

"नाही करणार!"

नवऱ्याने कापायचं यंत्र थांबवलं. मी नवं पुस्तक उघडलं आणि तिथेच, भर दुपारी, मोठ्याने वाचायला लागले. रस्त्यावरची माणसं दारात थांबली. घसा बसेपर्यंत वाचत होते.

मी थांबले तेव्हा मामंजी म्हणाले, "चांगलं आहे हे भाषांतर. शेवटचं पान कसं केलंय?"

"का?"

"ते वाच."

वाचलं. त्याला पुन्हा मुलं होतात. आधी होती तेवढीच.

"तेच," ते म्हणाले. हातातली काठी त्यांनी भांड्यात सोडून दिली आणि माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "याच्या आधीचा माझा थोरला गेला, तेव्हा हेच पान वाचून दाखवलं मला. तेव्हाच्या पाळकाने. म्हणे, होईल दुसरं. ओरडणं नाही काढलं मी, पोरी. ते पान काढलं. एकच पान निघेना, म्हणून सगळेच फर्मे सोडवले."

याच्या आधीचा. नवऱ्याला थोरला भाऊ होता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"टाकले?"

"ते कागद टाकणार कुठे? याच पुठ्ठ्यात आहेत, खळ लावून."

माझा राग गेला नाही. फक्त तो आता एकटीचा राहिला नाही.

पुढे मला मुलगा झाला, आणि पाळकसाहेबांना दुसरीकडे मोठं चर्च मिळालं. जाण्याआधी माझा मुलगा बघायला आले, "काय, म्हटलं नव्हतं मी?" म्हणाले. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. दुकानदार लेकीकडे राहायला गेला. नवऱ्याने दुकान चालवलं, हात थरथरायला लागले तेव्हा विकलं. गेल्या वर्षी तोही गेला. मामंजी शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. माझ्याच पुस्तकातून त्या माणसाची पानं वाचायला लावायचे, आणि शेवटचं पान आलं की थांब म्हणून हात वर करायचे.

मुलगा पन्नाशीला आलाय. तो कुणाच्या बदली आलेला नाही, हे मी त्याला लहानपणीच सांगून ठेवलंय. मामंजींचं बायबल माझ्याकडे आहे. पुठ्ठा मी उकललेला नाही.